कातळात खुंटी शिरत नाही

२४ डिसेंबर २०२४, मंगळवार

कोळंबी आण म्हटलं, कोबी आणला. दोन गड्डे! उद्या नाताळ, लेक सँड्रीना पुण्याहून आलेली, आणि माझ्या ओट्यावर दोन कोबी. हे काय, म्हणून विचारलं तर सेबॅस्टियन म्हणतो, ताजे होते. आणि गेला टीव्हीपुढे. आवाज एवढा की शेजाऱ्यांना आपला टीव्ही लावायची गरज नाही.

शेवटी स्कूटर काढून मीच बाजारात गेले. कोळंबी संपली होती.

गणपतीच्या आधी हा माणूस कायमचा घरी आला. बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. "पुरे झाला आता," एवढंच कारण सांगितलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू. मोपाच्या विमानतळावर नवीन ड्रेस घालून आणायला गेले होते. आता तोच ड्रेस कपाटात बघितला की चिडचिड होते.

माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. मसाला सापडत नाही. पहाटे उठून खिडक्यांच्या कड्या तपासतो. मी काही बोलले की "होय, होय" म्हणतो आणि भलतंच करतो. नववी ‘ब’मधली मुलं सुद्धा माझं याच्यापेक्षा जास्त ऐकतात.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ झाला. पाहुणे खूश होऊन गेले. कोबीची भाजी सगळ्यांना आवडली म्हणे.

रात्री भांडी पुसताना त्याला सांगितलं — मी उद्यापासून बाबांच्या काजूच्या बागेत जाऊन राहणार आहे, वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, आठवडाभर. एकटी. वाद होईल म्हणून मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, होय, होय.

एकही उत्तर कामाला आलं नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार (संध्याकाळ)

सकाळी सँड्रीनाचे मित्र तिला गाडीतून गोव्याला घेऊन गेले. मी बॅग भरत होते तर सेबॅस्टियन दारात उभा. "खंय चललंस गो?" काल रात्री काय सांगितलं मग मी? भिंतीला? मी नुसतं हाताने वर सड्याकडे दाखवलं आणि निघाले.

इथे का आले ते आधी लिहिते, कारण ते कुणाला सांगितलेलं नाही. मला सेबॅस्टियनला एक गोष्ट सांगायची आहे, आणि घरात, त्या टीव्हीच्या आवाजात, तिचे शब्दच जुळत नाहीत. वेंगुर्ल्याचं त्याच्या आईचं घर ती गेल्यापासून बंद आहे. त्याने तिथे राहावं. मी इथे मालवणला राहीन. भांडण नको, कोर्टकचेरी नको. नुसतं वेगळं राहायचं. इतकी वर्षं राहिलोच की आपण वेगळे, आणि तेव्हा कुणी कुणाला तोडून बोललं नाही.

लिहिलं तर किती सोपं दिसतं.

आता ताडपत्री. आमच्या शाळेतली किशोरी दर थंडीत ट्रेकला जाते. ती म्हणाली होती, तंबू कशाला विकत घेतेस, एक ताडपत्री घे. दोन झाडं, एक दोरी, झालं.

झालं!

पहिली गोष्ट, ताडपत्रीसोबत मिळालेल्या लोखंडी खुंट्या. इथे माती बोटभर आणि खाली सगळा कातळ. पहिली खुंटी वाकली. दुसरी वाकली. तिसरी उडून कुठे गवतात गेली ती सापडलीच नाही. मग झाडांना बांधू म्हटलं, तर काजूची झाडं ही अशी — जमिनीपासूनच फांद्या फुटलेल्या, एक इकडे झुकलेलं, एक तिकडे. दोरी बांधली की सरकत खाली येते. वर चढवली की सैल पडते. ताडपत्री मधोमध झोळीसारखी लोंबायला लागली. तिच्याखाली बसून बघितलं. डोक्याला टेकते.

चार वाजता समुद्राकडून वारा सुटला आणि सगळंच माझ्या अंगावर आलं. मी निळ्या ताडपत्रीच्या आत, हात वर करून, भूत असल्यासारखी.

आता ती नुसती अंथरली आहे. अर्धी खाली, अर्धी अंगावर घेणार. बाबांनी बांधलेली खोली पडून गेली, पण विहीर आहे, पाणी गोड आहे. कांदेपोहे केले. चांगले झाले. ऐकणारं कुणी नसल्यामुळे शिव्या मोठ्याने देता आल्या.

२७ डिसेंबर, शुक्रवार (सकाळ)

ओलं. सगळंच ओलं. सड्यावरचं दव कधी अंगावर घेतलं नव्हतं, ते घेतलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार (संध्याकाळ)

सकाळीच सत्यवान आला. पलीकडची आंब्याची कलमं त्याची. बाबा असताना तो आमच्याकडे यायचा, तेव्हा केस काळेभोर होते, आता पांढरे झालेत, पण बोलणं तेच. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे मत आहे. कुणी विचारायची वाट तो बघत नाही.

"बाई, मधी खांबो व्हयो," म्हणाला. मी म्हटलं, मला एकटीलाच करायचं आहे. तो म्हणाला, करा की, मी नुसतो सांगतंय. आणि सांगता सांगता जाऊन बांबू घेऊन आला, मध्ये उभा केला, माझ्या हातातली दोरी घेतली, चारही कोपरे दगडांना बांधले. अर्ध्या तासात डोंबाऱ्याच्या तंबूसारखं काहीतरी उभं राहिलं. सत्यवान दोन पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा. वादळ आलं तरी हलणार नाही, म्हणाला. माझा चहा पिऊन गेला.

तीन वाजता वारा आला. आधी ताडपत्री फुगली. मग बांबू उचलला गेला — जमिनीवरून वर! — आणि मग तिने एक दोरी तोडली आणि निघाली. मी मागे धावतेय. साठीला टेकलेली... नाही, एवढी नाही, एक्कावन्न, पण धावताना साठीच वाटली. सत्यवानच्याच कलमावर जाऊन अडकली. देव न्यायी आहे.

कलमावरून ती काढायला सत्यवानलाच बोलवावं लागलं. तो म्हणाला, वारो आज जरा जास्तच होतो.

किशोरीला फोन केला. तिने एक व्हिडिओ पाठवला. कुठल्या तरी देशातला एक दाढीवाला, उंच सरळ झाडं, मऊ माती, वारा नाही, आणि तो हसत हसत दोन मिनिटांत छप्पर उभं करतो. त्याला एकदा आमच्या सड्यावर आणून सोडलं पाहिजे.

आजही ताडपत्री पांघरूणच.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी डोळे उघडले तर वारा उलटा. जमिनीकडून समुद्राकडे. चेहऱ्यावर थंडगार लागत होता. आणि दात घासता घासता मी एकदम थांबले.

खारे वारे आणि मतलई वारे! दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. कारणे द्या म्हणून प्रश्न घालते. आणि दोन दिवस ताडपत्रीचं तोंड सरळ समुद्राकडे उघडं ठेवून बसलेय, या आत म्हणून!

कुणाला सांगू नये असं आहे हे. म्हणूनच इथे लिहितेय.

मग शिस्तीत लागले. समुद्राकडची बाजू खाली, अगदी जमिनीला. खुंट्या गेल्या खड्ड्यात — बाबांच्या पडक्या खोलीचे चिरे आहेत, ते एकेक ओढत आणले. जांभा दगड काय जड असतो! पाठ गेली. पण चिरा हलत नाही. दोन काजूंच्या मध्ये एकच दोरी ताणली, छातीएवढ्या उंचीवर, त्याहून वर नाही. सरकू नये म्हणून फांदीच्या बेचक्यात. ताडपत्री त्या दोरीवरून टाकली. एक बाजू जमिनीला, दुसरी जराशी वर, पुढे ओसरीसारखी.

हे सगळं जमलं आणि कोपऱ्याची कडी फाटून हातात आली. ताडपत्रीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, बाई, दहा वर्षं बघायला नको. दोन दिवस झाले!

बसून राहिले. खरंच रडू आलं. कडीसाठी कोण रडतं? पण आलं. आणि रडताना सेबॅस्टियन आठवला, त्याचा आणखी राग आला. त्याने हे चुटकीसरशी केलं असतं. आणि करताना माझ्याकडे बघितलंही नसतं.

दुपारी सँड्रीनाचा फोन. ममा, पपा म्हणतात तू पिकनिकला गेलीस, खरं का? मी म्हटलं, पिकनिक नाही. मग काय? मी म्हटलं, ताडपत्री बांधतेय. ती म्हणाली, तुम्ही दोघं बोलत का नाही गं एकमेकांशी? मी म्हटलं, मी बोलते. तुझ्या पपांना विचार.

ती म्हणाली, मला पण ते फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. मेसेज कर म्हणतात.

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, लेकीशी तरी नीट बोलत असेल.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळी खालच्या वाडीतल्या चॅपेलमध्ये मिसाला गेले. मालवणला गेले असते तर तो भेटला असता. केसात काजूचं पान होतं, ते मागच्या बाईने काढून हातात दिलं. मिसा संपल्यावर तीन जणींनी वेगवेगळं विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? सत्यवान! दुसरं कोण? शाळेतली बाई घरातून भांडून आली आणि सड्यावर ताडपत्री पांघरून झोपते, हे आता देवगडपर्यंत गेलं असेल.

मी सगळ्यांना सांगितलं, भूगोलाचा प्रयोग करतेय. एकीला पटलं.

परत आले आणि फाटलेल्या कोपऱ्याकडे बघत बसले. दोरी बांधायला काहीच नाही, नुसतं गुळगुळीत प्लास्टिक, गाठ मारली की सुटते. मग आठवलं — बाजारातल्या म्हाताऱ्या पदराच्या टोकात सुपारी बांधून ठेवतात, ती कशी सुटत नाही? एक गोल खडा घेतला. ताडपत्रीच्या कोपऱ्यात गुंडाळला. त्याच्या मानेला दोरी आवळली. ओढून बघितलं. लोंबकळून बघितलं. सुटत नाही!

उरलेल्या कड्यांचाही भरवसा सोडला आणि चारही कोपऱ्यांत खडे बांधले.

सत्यवान येऊन बघून गेला. हे टिकणार नाही म्हणाला. बरं वाटलं. त्याने टिकेल म्हटलं असतं तर काळजी वाटली असती.

सेबॅस्टियनचा मेसेज: ‘दोरी कसली वापरतंस?’

जेवलीस का नाही. कशी आहेस नाही. दोरी! उत्तर दिलं नाही. फोन करायला काय जीव जातो या माणसाचा? जहाजावर होता तेव्हा पहिली वर्षं बंदराला लागला की फोन यायचा. कुठल्या तरी गोंगाटातून ओरडून ओरडून बोलायचा, पैसे संपेपर्यंत. मी ओसरीवर उभी राहून ओरडायची. सगळ्या वाडीला आमचं प्रेम ऐकू जायचं. मग ते कमी होत गेलं. मग नुसते मेसेज. मी समजायचं ते समजले.

३० डिसेंबर, सोमवार

उभी आहे.

काल दुपारचा वारा गेला, रात्रीचा गेला, सकाळी मी कोरडी उठले. केस कोरडे, चादर कोरडी. बाहेर गवत चिंब.

तिच्याखाली बसून चहा प्यायले. मग आणखी एक. मोकळी कड वाऱ्यावर फटाफट वाजते, एकसारखी, कुणी थोबाडीत मारत असल्यासारखी. त्या आवाजाने डोकं उठतं. फांद्यांनी दाबून बघितली, दगड लटकवून बघितला, थांबत नाही. असू दे. पडत तर नाही ना.

किशोरीला फोटो पाठवला. तिने विचारलं, हे काय आहे? मग मी तिलाच झूम करायला लावलं.

आजचा दिवस पूर्ण माझा होता. विहिरीवर अंघोळ केली. दुपारी झोपले. कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी बोटी परत येताना दिसल्या. मी मोठ्याने बोलून बघितलं, सेबॅस्टियन समोर आहे असं धरून. सेबॅस्टियन, वेंगुर्ल्याचं घर बंद पडलंय. तू तिथे जाऊन राहा. मी इथे राहते. रविवारी मिसानंतर एकत्र जेवू.

चार वाक्यं. आवाज न चढवता. जमली.

दोन तारखेला घरी गेल्यावर सांगेन.

३१ डिसेंबर, मंगळवार

दोन तारखेपर्यंत थांबावं लागलं नाही. तो इथेच आला.

दुपारी विहिरीवरून घागर घेऊन येत होते, तर खालच्या रस्त्यावरून चढून येताना दिसला. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या खांद्यावर दोरीचं वेटोळं. जाड, पांढरी, जहाजावरची. ते वेटोळं बघितलं आणि माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. पाच दिवस मी चिरे ओढले, रडले, धावले, आणि हा आता येऊन सगळं सोडून पुन्हा बांधणार!

मी घागर खाली ठेवली. त्याच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं, ताडपत्रीला हात लावायचा नाही.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "नाय लावणंय," म्हणाला. दोरी एका चिऱ्यावर ठेवली.

मग हात मागे बांधून ताडपत्रीभोवती फिरला. एकेक गाठ वाकून बघितली. काजूच्या बेचक्यातली. चिऱ्यांखालची. खडा बांधलेल्या कोपऱ्यापाशी बराच वेळ उकिडवा बसला. मी वाट बघतेय, आता काढेल चूक. उत्तर तयार होतं.

"बरां बांधलंस," म्हणाला.

आणि त्याचाही राग आला. काय करायचं आता त्या उत्तराचं?

डब्यात वाफवलेली सान्नां आणि पोर्कचं सोरपोतेल होतं, नाताळचं उरलेलं. त्याने स्वतः गरम करून आणलेलं, अर्धं करपवून. कशाला आलास म्हणून विचारलं. जेवता जेवता म्हणाला, घरात बरां वाटूक नाय. एवढंच. मग मान खाली घालून जेवत राहिला. हाडं बाजूला काढून ठेवत होता, माझ्या पानातली सुद्धा, पूर्वी काढायचा तशी. मी पान जरा बाजूला ओढलं.

जेवण झाल्यावर तो ताडपत्रीखाली पुढच्या बाजूला जाऊन बसला. तिथे उघडी बाजू आहे, तिरकं बघितलं की समुद्र दिसतो. मी त्याच्या मागे भांडी घेऊन बसले. वारा वाढला होता. ती कड फटाफट वाजत होती, आज नेहमीपेक्षा जोरात. त्याची पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं, हेच बरं. तोंडाकडे बघून मला हे बोलता आलं नसतं. पाठीला बोलता येईल.

आणि बोलले. चार वाक्यं ठरवली होती, ती चारावर थांबली नाहीत. वेंगुर्ल्याचं सांगितलं. मग डब्यांचं सांगितलं. मग हेही सांगितलं की तू नव्हतास तेव्हा मला तुझी आठवण यायची, आणि तू आलास तेव्हापासून आणखीच येते, कारण जो आला तो माझ्याशी बोलतच नाही. सँड्रीना आजारी होती ती दोन वर्षं मी कशी काढली ते सांगितलं — ते कधीच सांगितलं नव्हतं, तू जहाजावर काळजी करशील म्हणून. आवाज चढवला नाही. घागरीतल्या पाण्याने एकच टोप पुन्हा पुन्हा विसळत होते. मध्ये दोनदा त्याने मान किंचित वळवून बघितलं, मी टोपाकडेच बघत राहिले. शेवटी म्हटलं, मला एकटं राहायला आवडतं असं नाही सेबॅस्टियन, पण तुझ्यासोबत एकटं राहण्यापेक्षा ते बरं.

बोलून झाल्यावर टोप पुसायला घेतला.

तो समुद्राकडे बघत होता. मी थांबले. म्हटलं, विचार करतोय. एवढं ऐकल्यावर माणसाला वेळ लागतो. लागू दे.

बऱ्याच वेळाने तो वळला. चेहरा शांत. हसरा! आणि म्हणाला, "कितक्या शांत आसा गो हंयसर."

मी टोप तिथेच आपटला आणि उठून विहिरीकडे गेले. एवढं बोलल्यावर हे? रागावला असता तरी चाललं असतं. रडला असता, शिवी दिली असती, उठून निघून गेला असता. हसला! जणू मी नाहीच तिथे. बावीस वर्षांच्या संसारातलं सगळं त्याच्या पाठीवर ओतलं आणि त्याला काय दिसलं, तर शांतता. ती ताडपत्री कानाशी फटाके फोडतेय आणि याला शांतता!

संध्याकाळी खाली रिक्षा मिळेना, वर्षअखेर, सगळे कुठे कुठे गेलेले. मी स्कूटरने सोडते म्हणाले नाही. राहिला. वर्षअखेरचा मिसा चुकला, आयुष्यात पहिल्यांदा. तो ताडपत्रीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये ती त्याची दोरी.

सकाळ झाली की त्याला घरी पाठवणार. वेंगुर्ल्याला सामान कधी न्यायचं तेवढंच विचारणार. आणखी काही बोलायचं राहिलेलं नाही.

१ जानेवारी २०२५, बुधवार

उजाडताना वारा फिरला आणि खडा बांधलेली एक दोरी तुटली. बंदुकीचा बार निघाल्यासारखा आवाज झाला. काजूवरचे कावळे सगळे उडाले. मी दचकून उठून बसले.

सेबॅस्टियन दहा हातांवर पाठमोरा उभा राहून तोंड धूत होता. त्याने मान वळवली नाही.

मी हाक मारली. पुन्हा मारली. चालत चालत हातभर अंतरावर गेले आणि आणखी एकदा मारली, मोठ्याने. तो तोंड पुसत राहिला.

मग मी वळसा घालून त्याच्यासमोर गेले. तो माझ्या ओठांकडे बघायला लागला. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. "कदीपासून?" मी विचारलं. काय कधीपासून, असं त्याने विचारलं नाही.

"चार वर्सां झाली. इंजिनाचो आवाज." टॉवेल घडी करत राहिला. शेवटच्या मेडिकलमध्ये कंपनीने पकडलं म्हणाला, म्हणून घरी पाठवलं. तुका सांगूक धीर झालो नाय.

तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. मग त्यानेच विचारलं, "काल तू खूप येळ बोलत होतंस गो. काय सांगत होतंस?"